'एचडीआर'चा बिल्ला

जोधपूर. आमच्या पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांचा परवा साताऱ्याहून फोन आला. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पंचावन्न इंची टीव्ही घेतलाय, खोक्यावर ठळक अक्षरांत 'एचडीआर'. "साहेब, एचडीआर सिनेमा लागला की चित्र उलट काळवंडतं. पीस खराब निघाला का?"

पीस ठीक आहे, खोकं खोटं बोलतंय. स्वस्त टीव्हीवर 'एचडीआर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की संचाला तो सिग्नल वाचता येतो. दाखवता येतो असं कुणी म्हटलेलं नाही! साधं चित्र सुमारे १०० निट्स उजेड धरून बनवतात, एचडीआर सिनेमा बहुधा १००० निट्स धरून. अडीचशे-तीनशे निट्सच्या पडद्याला ते झेपत नाही, मग सगळं चित्रच खाली ओढलं जातं.

आमच्याकडे छातीवर पदक लावायला कागद लागतो. इथे नुसता स्टिकर पुरतो. मोजमाप ठाऊक नाही म्हणावं, तर २०१६ साली या उद्योगाच्याच यूएचडी अलायन्सने 'अल्ट्रा एचडी प्रीमियम' खुणेसाठी अट घातली होती: एलसीडीला १००० निट्सच्या वर, ओलेडला ५४०च्या वर, आणि काळा रंगही तेवढा गडद. मग निट्सचा आकडा खोक्यावर छापायला लाज का वाटते?

दुकानात दोनच गोष्टी विचारा: जास्तीत जास्त निट्स किती, आणि पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद होतात का, म्हणजे लोकल डिमिंग. (ओलेडला हा दुसरा प्रश्न लागू नाही.) विक्रेता गडबडला, तर पुढच्या दुकानात चला.

सुभेदारसाहेबांना टीव्हीला लावलेल्या स्टिकच्या सेटिंगमधून एचडीआर बंद करायला सांगितलं. आता चित्र स्वच्छ दिसतं म्हणाले.