खंजेरीच्या थापेआधी
कन्हान स्टेशनातून हावडा मार्गावरची मालगाडी धडधडत निघाली, की शेजारच्या माणसाचे ओठ हललेले तेवढे दिसतात. मोठा आवाज जवळच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकतो, आणि खर्ज वरच्या स्वरांना जास्त झाकतो. कानाच्या याच स्वभावावर एमपीथ्रीचं तंत्र उभं आहे: जे झाकलं जाणारच, ते साठवायचं कशाला? म्हणून सीडीवरचे सेकंदाला १४११ किलोबिट १२८ वर आणता येतात, आणि प्रवासात फरक बहुतेकांना कळतही नाही. पण आपल्याकडची तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजेरी भजनं त्याहून कितीतरी खाली दाबून फॉरवर्ड होतात, तेव्हा जीव तुटतो. थाप पडण्याआधीच खरखर येते. आवाज तुकड्यातुकड्यांनी मोजला जातो, आणि मोजणीतली चूक अख्ख्या तुकड्यावर, थापेआधीच्या शांततेवरही पसरते. थापेनंतरची चूक कान शंभरेक मिलिसेकंद पोटात घालतो. आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. झांजांची झणझण तर पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते. एकदा गाळलेलं नंतर किलोबिट वाढवून परत येत नाही, म्हणून भजनी मंडळांनी मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फाइलींत जपून ठेवावं आणि मोबाइलवर पाठवायला वेगळी प्रत काढावी.