विश्लेषण : लोहखनिज, बॉक्साइटची ‘प्रत’ इतकी महत्त्वाची का?

केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये लोहखनिजावर सरसकट ५० टक्के निर्यात शुल्क लावले. सहा महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या खनिजावरील शुल्क शून्यावर आले. वरच्या प्रतीवर मात्र ३० टक्के कायम राहिले. खनिजाच्या प्रतीवर एवढे काय अवलंबून असते?

लोहखनिजाचे प्रकार कोणते?

मॅग्नेटाइट, हेमेटाइट, लिमोनाइट आणि सिडेराइट हे प्रमुख चार. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ७२, हेमेटाइटमध्ये ७०, लिमोनाइटमध्ये साधारण ६०, तर सिडेराइटमध्ये ४८ टक्के लोह असते. खाणीतल्या दगडात माती, सिलिका मिसळलेली असल्याने प्रत्यक्षात हे प्रमाण घटते. भारतातील पोलाद मुख्यतः हेमेटाइटपासून बनते. मॅग्नेटाइटचे मोठे साठे कर्नाटकात, पश्चिम घाटात आहेत. मात्र तेथील कुद्रेमुखची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली.

प्रत घसरली की काय होते?

झोतभट्टीत सिलिका व अ‍ॅल्युमिना चुनखडीसोबत वितळून मळी म्हणून बाहेर काढावे लागते. मळी जितकी जास्त, तितका कोक जास्त जळतो. त्यामुळे देशातील कारखाने वरची प्रत पसंत करतात. गोव्याचे खनिज बहुतांश कमी प्रतीचे, म्हणून ते बार्जमधून बंदरात आणि तिथून प्रामुख्याने चीनला जात राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर डंपर आणि बार्ज यांवर पोट असलेल्यांचा रोजगार थांबला. उलट गडचिरोलीतील सुरजागडचे हेमेटाइट वरच्या प्रतीचे आहे. त्यामुळेच एटापल्लीच्या जंगलावर आणि तेथील माडिया गावांवर खाणकामाचा दबाव आहे.

बॉक्साइटचे काय?

बॉक्साइट हे एकच खनिज नव्हे. गिब्साइट, बोहमाइट आणि डायास्पोर यांचे ते मिश्रण आहे. गिब्साइट कॉस्टिक सोड्यात कमी तापमानाला विरघळते, उरलेल्या दोघांना जास्त उष्णता व दाब लागतो. साधारण चार ते पाच टन बॉक्साइटमधून दोन टन अ‍ॅल्युमिना आणि त्यातून एक टन अ‍ॅल्युमिनियम मिळते. शेवटच्या टप्प्यावर टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, तर अ‍ॅल्युमिना काढताना लाल चिखल उरतो. उष्णतारोधक विटा, घर्षक, सिमेंट आणि तुरटीसाठीही बॉक्साइट वापरतात.

पुढे काय?

महाराष्ट्रातील बॉक्साइट कोल्हापूर, रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवर आहे. हेच सडे पावसाचे पाणी मुरवून खालच्या झऱ्यांना पुरवतात. त्यामुळे प्रत चांगली असली तरी खोदावे का, हा प्रश्न उरतोच. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइटबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. दुसरीकडे, खनिज धुऊन त्यातील लोह वाढवण्याचे तंत्र सुधारत आहे. त्यामुळे काल टाकाऊ ठरलेला डोंगर उद्या खाणीच्या यादीत येऊ शकतो.