चालून दाखवा, पण कोणत्या दिवशी?

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

महोदय,



माझ्या धाकट्या भावाचा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज नामंजूर झाला. त्यावर आम्ही अपील केलं आहे. अपिलाचे कागद जिथे द्यायचे तिथे दिले आहेत, तेव्हा वरून फोन लावून आमचं काम करून द्या असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. भावाला नकार ज्या रीतीने मिळाला, त्याच रीतीने तो गोंदियातल्या, गडचिरोलीतल्या, मेळघाटातल्या, नंदुरबारच्या कुठल्याही सिकलसेलच्या रुग्णाला मिळू शकतो. ती रीत बदलण्याची सोय कायद्याने राज्य सरकारला दिलेली आहे, म्हणून उघड लिहिते आहे.

सिकलसेल तुमच्या विभागाला ठाऊक आहे हे मी धरून चालते. विदर्भात हा आजार असल्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच केली होती. आमच्याकडे आता शाळेतली पोरंही ‘एएस’ आणि ‘एसएस’ अशी भाषा बोलतात. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण 120 दिवस जगते; रुग्णाची दहा-वीस दिवसांत मोडते. त्यामुळे अंगात रक्त कायम कमी, आणि वर या दुखण्याच्या लाटा.

ही लाट कधी येईल ते सांगता येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, ताप आला, जास्त श्रम झाले की दुखणं उमळतं हे आम्हाला कळतं. पण कित्येकदा यातलं काहीच झालेलं नसतं. रात्री जेवून हसत झोपलेला माणूस पहाटे तीनला नडग्या दाबत बसलेला असतो. भावाचं दुखणं येतंय हे मला त्याच्या गप्प होण्यावरून कळतं. तो आधी बोलणं थांबवतो, मग पाय भिंतीला लावून टाचा रेटतो. आई चुलीवर वीट गरम करून फडक्यात गुंडाळून देते. पाणी, गोळ्या, शेक एवढ्यावर भागलं तर ठीक. नाही तर गाडी बघायची आणि दवाखाना गाठायचा. तिथे सलाईन, कधी ऑक्सिजन, कधी रक्ताची पिशवी. चार-सहा दिवसांनी घरी. मग पंधरा दिवस, कधी दोन महिने तो तुमच्या-माझ्यासारखा. सायकल चालवतो, धानाची पोती मोजतो, क्रिकेटवर वाद घालतो.

प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी तो असाच, चांगल्या दिवसातला होता.

एका शासकीय रुग्णालयात ठरलेल्या वारी बोर्ड बसतो. व्हरांड्यात गर्दी, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, आयांच्या कडेवरची मुलं. त्या गर्दीत माझा भाऊ धडधाकट दिसत होता, आणि खरं सांगते, मलाच अवघडल्यासारखं झालं. आत त्याला विचारलं, काय त्रास? त्याने सांगितलं. मग म्हणाले, चालून दाखवा. तो चालला. हात वर करा. केले. उठाबशा होतात का? होतात. फाईलमध्ये एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट होता, वर्षभराची डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावलेली होती, हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या नोंदीचा केस पेपर होता. फाईल उघडली गेली ती रिपोर्टच्या पानापर्यंत. डिस्चार्ज कार्डांची चळत तशीच राहिली. डॉक्टर उद्धट नव्हते. बाहेर रांग होती आणि त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी तपासलं. गळक्या घराची पाहणी मे महिन्यात करून ‘घर कोरडे आहे’ असा दाखला द्यावा, तसं झालं एवढंच.

काही दिवसांनी पोर्टलवर अर्ज नाकारल्याचं दिसलं. कारण म्हणून जी ओळ होती तिचा अर्थ, ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व आढळलं नाही. का आढळलं नाही, काय बघितलं, काय बघितलं नाही, यातलं काही नाही. अपील कुठे करायचं, किती मुदतीत, तेही नाही. ते आम्ही सेतू केंद्रापासून तहसीलपर्यंत विचारत फिरून शोधून काढलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, मला कागद वाचता येतात, सुट्टी टाकून फिरता येतं. ज्याच्या घरी हे दोन्ही नाही त्याच्यासाठी नकार म्हणजे गोष्ट संपली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत रक्ताचे आजार नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी 21 वर नेली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल तेव्हा त्यात आले. मल्टिपल स्क्लेरोसिसही आला, तोही असाच आज बरा, उद्या आडवा करणारा. संसदेने हे आजार यादीत घातले तेव्हा ते कसे वागतात हे माहीत असूनच घातले असणार. त्याच कायद्यातली व्याख्या बघा: दीर्घकाळचा दोष, आणि समाजातल्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्यात येणारी आडकाठी. त्यात कुठेही ‘तपासणीच्या दिवशी’ असा शब्द नाही. ऐकू किती येतं हे डेसिबलमध्ये मोजता येतं, सांधा किती वळतो हे अंशांत मोजता येतं. सिकलसेलचं जे काही मोजायचं आहे ते टेबलासमोर उभ्या माणसाच्या अंगावर नसतं, त्याच्या गेल्या वर्षाच्या कागदांत असतं.

यातला सगळ्यात क्रूर भाग असा की दिव्यांगत्वाचे पुरेसे टक्के मिळण्याचा एक खात्रीचा रस्ता आहे. वारंवार रक्त अडल्याने या रुग्णांच्या मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा मरतो, माणूस लंगडू लागतो. कुणाला पक्षाघात होतो. मग तेच दार उघडतं, कारण आता दाखवण्यासारखं काहीतरी असतं. म्हणजे ज्या मदतीने माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला असता, थंडीत पहाटेची पाळी नाकारू शकला असता, ती मदत हाड मेल्यावर मिळणार!

मदत म्हणजे तरी काय? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये. उच्च शिक्षणात पाच टक्के जागांवर हक्क. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांचा गट मुळात नाहीच, त्यामुळे ती आशा कुणी धरलेली नाही. या सगळ्याला 40 टक्क्यांची अट. भावाला पैशापेक्षा एक कागद हवा आहे, मालकापुढे ठेवायला. तो एका राईस मिलमध्ये हिशेब लिहायचा. काम चोख. पण हंगामात, ट्रक उभे असताना, तो दोनदा दवाखान्यात. मालक मला म्हणाले, ‘‘मॅडम, पोरगा चांगला हाये, पण भरवसा कोन द्यायचा?’’ त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. नोकरी म्हणजे उद्या येण्याचा शब्द असतो, आणि या आजारात नेमका तोच देता येत नाही. बोर्डाने तपासलं, हा आज चालू शकतो का. मालकाला जाणून घ्यायचं होतं, हा सोमवारी येईल का. यातला दुसरा प्रश्न दिव्यांगत्वाचा आहे.

केंद्राकडे बोट दाखवलं जाईल याची मला कल्पना आहे. मोजमापाच्या मार्गदर्शक सूचना केंद्र काढतं. कलम 56 तसंच सांगतं. मान्य. पण अपिलाचं कलम 59 वाचा. अपील किती दिवसांत करायचं, कसं करायचं, कुणाकडे करायचं आणि त्याने ते कसं निकाली काढायचं, हे सगळं राज्य सरकारने ठरवायचं आहे. नकाराची कारणं लेखी कळवायची हे 2017 च्या नियमांत आहेच. त्यासाठी नवा कायदा नको, दिल्लीची परवानगी नको.

आणि न्यायालयांनी दिशा दाखवून ठेवली आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका, तो माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते बघा, नकाराची कारणं नोंदवा. शिवाय मूल्यांकन मंडळांच्या निर्णयावर अपिलाची यंत्रणा हवी यावरही बोट ठेवलं. त्या प्रकरणात विद्यार्थ्याची टक्केवारी प्रवेशाच्या आड येत होती, आमची पुरेशी भरत नाही. पण आकड्यामागचा माणूस न पाहण्याची खोड दोन्हीकडे एकच.

ब्रिटनमध्ये 2013 पासून जो दिव्यांग भत्ता आहे, त्यात माणसाची अवस्था एका दिवसावरून ठरवायची नाही, बारा महिन्यांचा काळ धरायचा, असा नियम आहे. आधी फेरविचार मागायचा आणि तोही फसला तर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जायचं. तिथे न्यायाधीशासोबत एक डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती बसते. तिथले लोकही त्या व्यवस्थेवर चिडलेले असतात, तेव्हा तिची आरती ओवाळायची गरज नाही. शिवाय त्रास निम्म्याहून जास्त दिवस असायला हवा हा त्यांचा निकष इथे मुळीच आणू नका; महिन्यातले पाच दिवस असह्य दुखणाऱ्या माणसाला तो सरळ बाहेर काढेल. घ्यायची असली तर बारा महिन्यांची नजर घ्या.

आपल्याच राज्यात दुसऱ्या खात्यांना हे जमलं आहे. एसटीने सिकलसेलच्या रुग्णांना प्रवासात सवलत दिली, ती आजाराच्या निदानावर. दहावी-बारावीच्या परीक्षेत या मुलांना जादा वेळ मिळतो. केंद्राने जुलै 2023 मध्ये शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं, 2047 ची मुदत घातली. आमच्या गावातही शिबिरं झाली, बोटातून रक्त घेतलं, रुग्ण शोधून काढले. शोधून काढलेल्या रुग्णाने मग जायचं कुठे?

खोट्या प्रमाणपत्रांचं काय, हे विचारलं जाणारच. 2024 मध्ये राज्यातल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून केवढं रान उठलं, तेव्हापासून बोर्डावरचे डॉक्टर हात राखून सही करत असतील तर नवल नाही. पण सिकलसेलमध्ये खोटं बोलणं तसं अवघड. एचपीएलसीचा रिपोर्ट हुबेहूब बनवला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढून पडताळता येतो. भरतीच्या तारखा सरकारी रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये असतात. संशय असेल तर तो तपासायला कागद आहेत, आणि ते तुमचेच आहेत. चालून दाखवायला लावून यातलं काहीच पकडता येत नाही.

म्हणून मागणं एवढंच. रक्ताचे आजार आणि असे चढउताराचे इतर आजार यांच्या अपिलात गेल्या बारा महिन्यांच्या भरतीच्या आणि उपचाराच्या नोंदी वाचणं सक्तीचं करा, आणि त्या वाचल्याची नोंद निर्णयात येऊ द्या. अपील ऐकणाऱ्यांत हा आजार रोज हाताळणारा एक तरी डॉक्टर असू द्या. विदर्भात असे डॉक्टर आहेत. नकाराच्या कागदावर मराठीत कारण लिहा आणि त्याच कागदावर अपिलाचा पत्ता आणि मुदत छापा. यात तिजोरीवर पडणारा भार कागदाच्या एका ओळीचा आहे.

आणखी एक, लगेच करण्यासारखं. अपिलाच्या सुनावणीला भावाला स्वतः हजर राहायचं आहे. त्याची तारीख ऐन थंडीतली आली आहे. त्या दिवशी तो येईल की दवाखान्यात असेल हे मी आज लिहून देऊ शकत नाही, तोही देऊ शकत नाही. तो आला नाही तर ‘अर्जदार गैरहजर’ असा शेरा मारून फाईल बंद होऊ नये, त्या दिवसाचं भरतीचं कार्ड पुरावा म्हणून दाखल करून घ्यावं आणि पुढची तारीख द्यावी, असं एक परिपत्रक सुनावणीआधी निघालं तर बरं होईल. थंडी सुरू झाली आहे.

कळावे.

आपली,
एका सिकलसेल रुग्णाची बहीण