विश्लेषण : इतरांचे आयटीआर भरून देण्याचा व्यवसाय सुरू करताय? पात्रता, कमाई आणि जोखीम…

प्राप्तिकर विवरणपत्र (आयटीआर) भरण्याची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली होती. त्यामुळे ‘रिटर्न भरून मिळेल’ अशा पाट्या आणि व्हॉट्सॲप स्टेटसही त्या वर्षी जास्त दिवस दिसले. मात्र त्याच हंगामात, १४ जुलैला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरोधात मोहीम जाहीर केली. तेव्हा छापे पडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. लॅपटॉप आणि थोड्या अभ्यासाच्या बळावर या कामात उतरू पाहणाऱ्यांनी आधी काय समजून घ्यावे?

परवाना लागतो का?

अमेरिकेत पैसे घेऊन इतरांचे रिटर्न तयार करणाऱ्याला तिथल्या कर खात्याकडून पीटीआयएन हा क्रमांक घ्यावा लागतो. भारतात तशी सक्ती नाही. सरकारने २००६ मध्ये प्रशिक्षित ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ची योजना आणली, पण त्याबाहेरचे हजारो जण हे काम करतातच. अगदी अभियांत्रिकीचा पदवीधरही साधे विवरणपत्र तयार करून देऊ शकतो.

मर्यादा कुठे आहेत?

ग्राहकाला नोटीस आली की खरी अडचण सुरू होते. प्राप्तिकर अधिकाऱ्यासमोर ग्राहकाची बाजू मांडण्याचा अधिकार कायद्यानुसार सीए, वकील, वाणिज्य किंवा कायद्याचे पदवीधर अशा ठरावीक व्यक्तींनाच आहे. कर लेखापरीक्षण फक्त सीए करू शकतो. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीसाठी वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांतील पदवी किंवा सीएसारखी पात्रता लागते. नुसत्या बीईवर ही तिन्ही दारे बंद आहेत. आणि सीए नसताना पाटीवर ‘सीए’ लिहिणे हा गुन्हा आहे.

कमाई किती?

समजा, पहिल्या वर्षी ओळखीतून १०० पगारदार ग्राहक मिळाले आणि प्रत्येकी ७०० रुपये घेतले, तर हाती येतात ७०,००० रुपये. तेही वर्षभराचे, कारण काम दोन-अडीच महिन्यांतच उरकते. शिवाय प्राप्तिकराच्या पोर्टलवर पगार, टीडीएस, व्याज ही माहिती आधीच भरलेली असते आणि तिथे रिटर्न भरणे मोफत आहे. मग ग्राहक पैसे कशाचे देईल? वर्षात दोन नोकऱ्या, घरविक्री, शेअर बाजारातील ‘एफ अँड ओ’चा तोटा, जुनी की नवी करप्रणाली, अशा गुंत्यांचे. म्हणजे फॉर्म भरण्यापेक्षा समजावून सांगण्याला किंमत आहे.

जोखीम कुठे आहे?

‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले १० टक्के माझे’ या सौद्यात. एक उदाहरण पाहू. जुन्या प्रणालीत ९ लाख रुपये करपात्र उत्पन्न असलेल्या व्यक्तीने दीड लाखाची खोटी वजावट दाखवली, तर उपकरासह ३१,२०० रुपये कर वाचतो. मध्यस्थाला मिळतात ३,१२०. पकडले गेल्यास चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे ६२,४०० रुपये दंड होऊ शकतो. मूळ कर धरून ९३,६०० रुपये, वर व्याज. हे सगळे ग्राहकाच्या नावावर.

मध्यस्थही सुटत नाही. खोटे विवरणपत्र भरण्यास मदत केल्यास २०२५ मध्ये लागू असलेल्या कलम २७८ नुसार किमान तीन महिने सक्तमजुरीची तरतूद होती. घरभाडे, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्य विमा, राजकीय पक्षांना देणगी अशा वजावटींचा गैरवापर झाल्याचे मंडळाने म्हटले आहे. काही मध्यस्थ तात्पुरते ई-मेल आयडी उघडून रिटर्न भरत. हंगाम संपला की ते आयडी सोडून देत आणि नोटिसा न वाचताच पडून राहत. मंडळाच्या माहितीनुसार चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित माहिती देऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले.

सुरुवात करताना काय पाळावे?

– पोर्टलवर ग्राहकाचाच मोबाइल आणि ई-मेल ठेवा.
– फॉर्म १६, एआयएस आणि २६एएस ताडून पाहिल्याशिवाय रिटर्न भरू नका.
– पुरावा नाही तर वजावट नाही. पुराव्यांची प्रत जपून ठेवा.
– रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन झाले का, ते पाहा.
– शुल्क ठरावीक घ्या, परताव्याच्या टक्केवारीत नको.
– नोटिसा आणि लेखापरीक्षणासाठी एखाद्या सीएशी आधीच बोलून ठेवा.
– महाराष्ट्रात व्यावसायिकांना व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात.

पुढे काय?

नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ‘करनिर्धारण वर्षा’ची जागा ‘कर वर्षा’ने घेतली आहे. जुन्यांनाही नव्याने शिकावे लागणार असल्याने नवख्यांना ही संधी आहे. पण या धंद्यात ग्राहक आपला पॅन, पगार आणि पासवर्ड तुमच्या हाती देतो. एका ग्राहकाला खोट्या रिफंडची नोटीस आली, की सोसायटीतले, ऑफिसातले उरलेले ग्राहक पुढच्या जुलैत दुसरीकडे गेलेले असतात.