दादींचं वय, 12-डी फॉर्म आणि पाच दिवसांची मुदत

2024 च्या रमजानमधली गोष्ट. पश्चिम विदर्भातल्या एका शहरात आमच्या ओळखीच्या घरी बीएलओ येऊन गेल्या. घरातल्या दादींना वुझूसाठी उठायलाही दोघांचा आधार लागतो. घरच्यांनी विचारलं, दादींचं मतदान घरून होईल का? बीएलओंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, नाव आहे, पण वय 81 लिहिलंय, घरून मतदान 85 च्या वरच्यांना. दादींचा थोरला मुलगा त्या वर्षी सत्तर पूर्ण करत होता. म्हणजे कागदावर दादी अकराव्या वर्षी आई झाल्या होत्या! घरात हसू झालं, पण 26 एप्रिलच्या उन्हात दादी केंद्रावर गेल्या नाहीत आणि त्यांचं मत राहिलं.

यात बीएलओंची चूक नाही. त्यांच्या हातात जी यादी होती, तीच त्यांनी वाचली. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टपाली मतदानाची सोय कायद्यात आहे, पण ती मिळणार की नाही हे निवडणुकीच्या कितीतरी आधी, कुठल्याशा कागदावर ठरून जातं. आपल्या घरांत नेमके तेच कागद कच्चे असतात.

आधी नियम कसा बदलत गेला ते पाहू. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्र सरकारनं निवडणूक नियमांत दुरुस्ती करून 80 वर्षांवरच्या नागरिकांना आणि दिव्यांगांना टपाली मताचा पर्याय दिला. जून 2020 मध्ये कोरोनामुळे ही अट 65 वर आणली गेली. काँग्रेस आणि डाव्या पक्षांनी त्यावर आक्षेप घेतला. इतक्या मोठ्या संख्येनं मतं केंद्राबाहेर पडली तर गुप्तता कशी राहील, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. पुढच्याच महिन्यात आयोगानं मनुष्यबळ आणि व्यवस्थेच्या अडचणी सांगून बिहारमध्ये 65 ची अट लागू करणार नाही असं जाहीर केलं. 80 ची अट राहिली. मग 1 मार्च 2024 रोजी, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या पंधरा दिवस आधी, ती 85 झाली.

या पाच वर्षांचा फरक किती माणसांना पडला? आयोगाच्याच आकड्यांनुसार फेब्रुवारी 2024 मध्ये देशात 80 वर्षांवरचे मतदार 1 कोटी 85 लाख होते. मार्चमध्ये 85 वरच्यांचा आकडा दिला गेला 81 लाख 87 हजार. म्हणजे एका अधिसूचनेनं सुमारे एक कोटी म्हातारी माणसं या सोयीच्या बाहेर गेली. वर सांगितलेल्या दादी त्यांतल्याच एक. जुन्या नियमानं कागदावरच्या 81 वर्षांवरही त्यांना घरून मत देता आलं असतं.

कारण असं पुढे आलं की, आधीच्या विधानसभा निवडणुकांत 80 वरच्यांपैकी जेमतेम दोन-तीन टक्के लोकांनीच हा पर्याय घेतला, बाकीच्यांना केंद्रावरच जायचं होतं. आम्हाला हा निष्कर्ष पटत नाही. काही बुजुर्गांना केंद्रावर जायचं असतं हे खरं. नवा पायजमा घालून, शाई लावलेलं बोट मोहल्ल्यात दाखवत फिरणारे चाचा आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण दोन टक्क्यांचा अर्थ ‘लोकांना नको होतं’ असा लावण्याआधी ‘लोकांना कळलं होतं का’ हे विचारायला हवं होतं. 12-डी फॉर्म भरून द्यायची मुदत असते निवडणुकीच्या अधिसूचनेपासून फक्त पाच दिवस. 2024 मध्ये अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ-वाशीमची अधिसूचना निघाली 28 मार्चला, म्हणजे ऐन रमजानात, आणि मतदान 26 एप्रिलला. मतदानाची चर्चा मोहल्ल्यात रंगायला लागली ईदनंतर. तोवर फॉर्मची मुदत केव्हाच संपलेली होती. इतक्या छोट्या खिडकीतून कमी लोक आले, म्हणून खिडकी आणखी छोटी करायची, हा कुठला न्याय?

नावात ‘टपाली’ असलं तरी यात पोस्टमन कुठेच नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. मतपत्रिका डाकेनं येत नाही. दोन मतदान अधिकारी, सोबत पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असं पथक आधी कळवून घरी येतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही वेळापत्रक दिलं जातं, ते हजर राहू शकतात. तेव्हा माणूस घरी नसेल तर पथक दुसऱ्यांदा येतं, तिसऱ्यांदा नाही. आणि एकदा 12-डी मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ अशी खूण होते. मग त्या माणसाला केंद्रावर मत देता येत नाही.

आता आपल्या घरांची रीत बघा. अम्मी दोन महिने मुंब्र्यात थोरल्याकडे, मग रत्नागिरीकडे गावात, मध्ये मुलीच्या बाळंतपणाला. नाव गावच्या यादीत. पथक फक्त त्या मतदारसंघात फिरतं, मुंब्र्यात येत नाही. फॉर्म भरला आणि अम्मी त्या दोन्ही दिवशी गावात नसल्या, तर घरचंही मत गेलं आणि केंद्रावरचंही. फॉर्म भरताना हे कुणी समजावून सांगत नाही. पथकाची भेट हुकली तर निदान केंद्राचा रस्ता मोकळा राहावा, अशी तरतूद व्हायला हवी. खूण यादीत आधीच आहे, मत पडलं नसेल तर ती काढता येणं अशक्य नाही.

कॅमेऱ्याचीही एक अडचण आहे. घरात परकी माणसं आणि व्हिडिओ म्हटलं की पडद्यात राहिलेल्या कित्येक नानी आधीच नको म्हणतात. नियम असा की चित्रीकरण प्रक्रियेचं होतं, मत कुणाला दिलं हे दिसता कामा नये. हे आधी नीट सांगितलं तर बऱ्याच तयार होतील. आणि मुलांनाही एक सांगायचंय. अधिकारी आडोसा करून देतात तो तुमच्यासाठीही आहे. दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर अम्मी मदतीला माणूस घेऊ शकतात, पण मत त्यांचंच. ‘अम्मी, इथे खूण करा’ असं म्हणत शेजारी उभं राहणं हा त्यांच्या हक्कावर डल्ला आहे, मग डल्ला मारणारा घरचा का असेना.

एवढा खटाटोप दोन-चार मतांसाठी कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल आठवून द्यावा. 2024 च्या लोकसभेत तिथे मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले. बाद ठरलेली टपाली मतं होती 111. ही सगळी ज्येष्ठांची नव्हेत, निवडणूक कर्मचाऱ्यांची वगैरेही त्यात येतात. पण खासदार ठरला टपाली मतांवर. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती मोहम्मद इस्माईल 162 मतांनी जिंकले. मालेगावच्या दोन-तीन गल्ल्यांत मिळून तेवढे बुजुर्ग सापडतील.

बाद मतांचा विषय निघालाच आहे, तर मत दिल्यावरही ते बाद होऊ शकतं. मतपत्रिकेसोबतच्या घोषणापत्रावर सही किंवा अंगठा आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आणि लिफाफ्यावरचा क्रमांक जुळत नसेल, तर लिफाफा न उघडताच बाजूला पडतो. पथक निघायच्या आधी घरातल्या शिकलेल्या माणसानं हे दोन क्रमांक जुळतात का एवढं पाहावं. अधिकाऱ्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

राहिला वयाचा प्रश्न. आपल्या बहुतेक बुजुर्गांचा जन्मदाखला नाही. यादीत वय कुणीतरी अंदाजानं टाकलेलं. आधारवर 1 जानेवारी, आणि हजला जाताना काढलेल्या पासपोर्टवर तिसरीच तारीख. यादीतली तारीख सुधारायला 8 नंबरचा फॉर्म आहे, जन्मतारखेचा एक मान्य पुरावा जोडावा लागतो. पण तो निवडणूक जाहीर झाल्यावर भरून उपयोग नाही, आत्ता भरायचा. ज्यांचं कागदावरचं वय वाढण्यासारखं नाही पण पाय चालत नाहीत, त्यांनी वयाचा नाद सोडून दिव्यांग प्रमाणपत्राकडे बघावं. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर वयाची अट लागतच नाही, 12-डी सोबत प्रमाणपत्राची प्रत पुरते. गुडघे, लकवा, नजर यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांना हे मिळू शकतं. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो. वर उल्लेख केलेल्या घरानं तेच केलं. दादींचं प्रमाणपत्र निघायला चार हेलपाटे झाले, पण निघालं.

आमचं सरकारकडे आणि आयोगाकडे मागणं साधं आहे. अट परत 80 वर आणा. फॉर्मची मुदत पाच दिवसांवरून निदान पंधरा करा. आणि प्रत्येक मतदारसंघात किती 12-डी वाटले, किती भरून आले, किती नाकारले आणि का, हे जाहीर करा, म्हणजे ‘लोकांना नको आहे’ हे खरं की खोटं ते सगळ्यांना दिसेल. ही सोय लोकसभा-विधानसभेच्या नियमांतली आहे. महापालिका, जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याचे नियम वेगळे असतात. त्या निवडणुकीत ही सोय आहे असं गृहीत धरून घरी बसू नका, आधी तहसील किंवा प्रभाग कार्यालयात विचारून घ्या.

मस्जिदींच्या जमातींना एक विनंती. पुढची अधिसूचना निघेल त्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजनंतर दोन मिनिटं 12-डी ची आठवण द्या. दुसऱ्या जुम्यापर्यंत मुदत संपलेली असेल.