हितचिंतकाकडून, रु. ५१,०००

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा मी सहा वर्षं खजिनदार होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या गळ्यात ही माळ आपसूक पडते. विसर्जनानंतरच्या रविवारी जमाखर्च फळ्यावर लावायचा, हा आमचा रिवाज. नाव, रक्कम, पावती क्रमांक. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे ५१ रुपयेही त्यात असायचे आणि त्या चष्मा लावून ते तपासून जायच्या.

एका वर्षी त्या यादीत एक ओळ होती : ‘हितचिंतकाकडून, रु. ५१,०००’. हा हितचिंतक कोण, ते कमिटीतल्या अकराही जणांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरची चाळ पाडून तिथे टॉवर उठवणारा बिल्डर. “नाव नको, गुप्तदान समजा,” म्हणाला. पावती मीच फाडली. दिवाळीनंतर त्याच्या बांधकामाचे पत्रे फूटपाथ गिळून रस्त्यावर आले, शाळेची पोरं रिक्षांमधून वाट काढायला लागली. वॉर्ड ऑफिसला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं म्हणून कमिटी बसली. चहा झाला, विषय निघाला, पत्र काही निघालं नाही. पत्र देऊ नका असं कोणी म्हटलंही नव्हतं. काकूंनी मला जिन्यात गाठलं, “काय हो, एरवी भांडायला पुढे असता, यंदा काय झालं?” मी पायऱ्या मोजत वर गेलो.

गुप्तदान हा आपल्याकडे पुण्याचा शब्द. देवळाच्या पेटीत पडलेली नोट कोणाची, हे पुजाऱ्यालाही कळत नाही. आमच्या पावतीतलं गुपित फक्त काकूंपुरतं होतं.

निवडणूक रोख्यांची योजना आली तेव्हा मला ही पावती आठवली. २०१७च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ती मांडली, जानेवारी २०१८मध्ये अधिसूचना निघाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत जायचं, हजारापासून कोटीपर्यंतचा रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा. पक्षाने पंधरा दिवसांत तो वटवायचा. घेणाऱ्याचं नाव रोख्यावर नाही, क्रमांकही दिसत नाही. सोबतीला आणखी एक दुरुस्ती झाली. कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे, ती मर्यादाच काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही दानशूर व्हायला मोकळी. सरकारचं म्हणणं असं की नाव फुटलं तर दुसरा पक्ष देणगीदारावर डूख धरतो. हे अगदीच खोटं नाही; आमच्या बिल्डरलाही पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाची धास्ती होतीच.

पण बँकेत उभा जन्म घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पचत नव्हती. क्रमांक नसलेला कागद बँक कधी हातातून सोडत नाही. साध्या ड्राफ्टचं रजिस्टर संध्याकाळी जुळलं नाही तर आम्ही घरी जात नसू. मग कोटीचा रोखा बिननंबरी? २०१८ साली पूनम अगरवाल या पत्रकाराने हजार-हजारांचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर कोपऱ्यात अक्षरं आणि आकडे उमटले. प्रत्येक रोख्याचा वेगळा क्रमांक. सरकारने खुलासा केला की ही फक्त बनावट रोखे ओळखण्याची सोय आहे, खरेदीदाराच्या नोंदीशी या क्रमांकाचा संबंध नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ला धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली आणि बँकेकडे तपशील मागितला. बँक म्हणाली, ३० जूनपर्यंत मुदत द्या. कोणी विकत घेतले आणि कोणी वटवले या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, लखोटे मुंबईच्या मुख्य शाखेत आहेत, ताळा जुळवायला वेळ लागेल. हे वाचून मी मोठ्याने हसलो, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. मागितलेल्या तपशिलातले एकूण रोखे २२ हजार २१७. आमच्या शाखेतल्या दोन कारकुनांना बसवलं असतं तरी त्यांनी त्याआधी काम उरकलं असतं, आणि हे तर संगणक आल्यानंतरचं. न्यायालयाने ११ मार्चला मुदत नाकारली. दुसऱ्या दिवशी माहिती हजर. आणि २१ मार्चला तो क्रमांकही प्रसिद्ध झाला, अतिनील दिव्याखाली दिसणारा, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता तो. त्याच क्रमांकाने दोन्ही याद्या एकमेकींना जुळल्या.

यादीत सगळ्यात वर फ्यूचर गेमिंग ही लॉटरीवाली कंपनी निघाली, १,३६८ कोटींची. वटवणाऱ्यांत भाजप पहिला, सहा हजार कोटींच्या वर. त्याच्या खाली तृणमूल, मग काँग्रेस. सोवळं कोणाचंच उरलं नाही. अपवाद म्हणावा तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा, ज्याने रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्ध कोर्टातही गेला.

आपल्या मुंबईला हा वाद नवा नाही. १९५७मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनापत्रात बदल हवा होता. एक भागधारक आडवा गेला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याला धरून परवानगी दिली, पण निकालातच बजावलं की हा पैसा वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळेल, संसदेने वेळीच बघावं. संसदेने १९६९मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली, १९८५मध्ये ती उठवली. मधल्या काळात पैसा थांबला होता यावर, मुख्यमंत्री अंतुले आणि सिमेंटच्या कोट्याबदल्यातल्या देणग्या ज्यांना आठवतात, त्यांचा विश्वास बसणार नाही.

रोखे गेले, इलेक्टोरल ट्रस्ट आहेतच. तिथे कोणी किती टाकले हे कळतं, ट्रस्टने कोणाला किती वाटले हेही कळतं. कोणाचे पैसे कोणाच्या ताटात पडले, तेवढं जुळत नाही.

मंडळाचं खजिनदारपण मी आता सोडलंय. टॉवरमध्ये लोक राहायला आलेत, त्यांची वर्गणी चांगली जमते. मंडपाच्या तोंडाशी टेबलावर क्यूआर कोड आणि तो बोलका डबा ठेवलाय. कोणी पैसे टाकले की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो रक्कम सांगतो. काकू खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि दर वेळी विचारतात, “कोणाचे रे?”

पोरं सांगतात, “आजी, ते तो बोलत नाही.”