चाळीस तासांत हेलिकॉप्टर येतं, पण आभाळ?

पालकहो, बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणणारं एखादं तरी मूल हल्ली प्रत्येक वर्गात असतं. त्यातल्या कुणाला हेलिकॉप्टर खुणावतं, आणि घरचे विचारतात, "सर, अमेरिकेत खाजगी परवाना म्हणे 40 तासांत मिळतो. मग झालं ना?"

माझ्या मते नाही झालं. 40 तास ही किमान अट आहे. त्यात निदान 20 तास शिक्षकासोबत आणि 10 तास एकट्याने. एका जागी तरंगणं, उतरणं, ऑटोरोटेशन हे सगळं शिकवतात आणि चांगलं शिकवतात. ऑटोरोटेशन म्हणजे इंजिन बंद पडल्यावर डाव्या हाताचा कलेक्टिव्हचा दांडा झटकन खाली करायचा, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो. रॉबिन्सन आर-22 सारख्या हलक्या हेलिकॉप्टरात यासाठी जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. सरावात मात्र शिक्षक बहुधा आधी सांगतो, इंजिन मंद का होईना चालू असतं, आणि जमिनीला टेकण्याआधी ताकद परत दिली जाते. खरं इंजिन "तयार का?" असं विचारून बंद पडत नाही हो! विहिरीत पोहायला शिकलेल्याला पुरात सोडण्यासारखंच हे.

धुक्याचं तर आणखी अवघड. विमानाच्या खाजगी परवान्याला तिथे 3 तास फक्त उपकरणं बघून उडवण्याचा सराव सक्तीचा आहे. हेलिकॉप्टरच्या खाजगी परवान्याला ती सक्तीच नाही. आणि नुसत्या सरावानेही भागत नाही. 26 जानेवारी 2020 ला कॅलिफोर्नियात कोबी ब्रायंटसह 9 जण गेले. त्या पायलटकडे 8 हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता, उपकरणांवर उडवायचा परवानाही होता. ढगात शिरल्यावर तो नियंत्रण कक्षाला सांगत होता, वर जातोय. आणि हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होतं. चौकशीत दिशाभ्रम हे कारण निघालंच, शिवाय फेरी पूर्ण करायचं त्याने स्वतःच स्वतःवर घेतलेलं दडपणही नोंदवलं गेलं.

हे दडपण कुठल्या धड्यात शिकवायचं? शिकवणारेही बरेचदा कोवळे असतात. तिथे व्यावसायिक परवाना 150 तासांत मिळू शकतो, मग पुढच्या नोकरीसाठी तास जमवायला अनेक जण शिकवू लागतात. (आपल्याकडे डी.एड. झाल्या झाल्या दहावीचा वर्ग हाती देण्यासारखंच.) त्यांना दोष नाही, पण वादळातून परत फिरण्याचा अनुभव ते आणणार कुठून?

म्हणून प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी आणि तास विचाराच, पण आणखी दोन गोष्टी विचारा. न सांगता इंजिन बंदचा सराव किती वेळा देता? आणि हवा बघून "आज नको" हे शिक्षकाने नव्हे, विद्यार्थ्याने स्वतः ठरवलं, असं शेवटचं कधी झालं?